वाकडी वाट

तमालेत जानेवारी. वाळवंटावरून हरमाटन सुटलाय,
धूळ कीबोर्डच्या फटींत, चहात, दातांखाली.
सहा दिवस झाले, मी देशाचं बोचकं बांधतेय:
सगळे प्रांत, सगळे जिल्हे,
जिल्ह्यांच्या पोटातले बारके विभाग.

चौऱ्याऐंशी एमबी.
एवढा देश फोनवर उघडेस्तोवर
बाजारातल्या बाईचं गिऱ्हाईक निघून जातं.
म्हणून काटछाट.
जिथे रेघ उगाच लचकते तिथले बिंदू उचलायचे,
नदीला थोडं समजूतदार करायचं.

आधी मी एकेक जिल्हा सुटा घेऊन तासला,
तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फटी पडल्या.
नखाएवढ्या, पांढऱ्या, कुणाच्याच नसलेल्या.
त्या फटीत राहणाऱ्याने कर कुठे भरायचा?
मूल झालं तर नोंद कुठल्या वहीत?
मग उमगलं, शीव दोघांची असली
तरी लिहायची एकदाच.
डावीकडच्याने पुढून वाचावी,
उजवीकडच्याने मागून.
बांधाला बांध लागून भांडण नाही,
हे मी फक्त फाइलीतच पाहिलंय.

दोन एमबी.
दागबानीची काही अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन आली होती;
एकेकाला हाताला धरून जागेवर बसवलं.
परवाना जोडला. आवृत्ती एक. दिली पाठवून,
आणि जेवायला गेले.

परतते तो दारात म्हातारा नेइंदू,
हातात नातवाचा फोन.
पूर्वी सर्वे खात्यात साखळी ओढायचा.
न बसताच म्हणाला,
"सांगबिनीपाशी रेघ सरळ गेलीय."
जाणारच, मी म्हटलं. तिथे काही नाही.
"मग माझी वाकडी वाट कुठे गेली?"

एका जिल्ह्याचे दोन होत होते तेव्हाची गोष्ट.
चार माणसं, एक साखळी, खुंट्यांची मोळी.
सरळ रेघ नेमकी सानातूच्या
शियाच्या झाडातून जात होती.
साहेब म्हणाले, जाऊ दे.
सानातू बुंध्याशी पाय पसरून बसली, मांडीवर टोपली:
"निम्मी फळं त्या जिल्ह्यात पडली
तर मी काय दोन दाखले काढू?"
दुपार कलली. साहेबांचं पाणी संपलं.
पाणी तिनेच दिलं.
आणि मग रेघ वळली,
बावीस पावलं बाहेर, बावीस पावलं परत.

मी मूळ फाइल उघडली.
होता तो बाक. तीन बिंदू.
माझ्या चाळणीतून सहज गळलेले.
चाळणीला बजावलं, हे तीन धरून ठेव,
आणि एकाच रेघेत घातले
तर दोन्ही जिल्हे एकदम कुशीवर वळले.
वजन वाढलं सव्वीस बाइट.
नोंदीत लिहिलं: सांगबिनीची वाकडी वाट परत.

त्याने दोन बोटांनी नकाशा ताणला, ताणत गेला,
पार खाली, जिथे जमिनीचे नुसते चौकोन उरतात.
"आता झाड दाखव."
झाडं नसतात यात, बाबा. हद्द असते.
"नाहीच आहे ते," म्हणाला.
"रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं.
सानातू त्याच्या आधीच गेली."
मग बसला. मी चहा मागवला.
बराच वेळ आम्ही दोघं धूळच प्यालो.

आता पलीकडच्या टेबलावरचा नवा मुलगा, तिजानी,
स्क्रीनला नाक लावून विचारतोय:
ताई, इथे रेघ विनाकारण वळलीय.
चूक दिसते. करू का सरळ?

लाईट जाते. जनरेटर खोकतो, सुरू होत नाही.
थांब, म्हणते मी,
खुर्ची इकडे ओढ.